सात जणांचं ‘ठीक’

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची गच्ची तीन पावसाळे गळत होती. वॉटरप्रूफिंगसाठी दोन कंत्राटदार उरले, दर जवळपास सारखे. कमिटीत आम्ही सात जण, सेक्रेटरी मी. दहापैकी मार्क द्या म्हटलं तर कोणी देईना. "मार्क कसले? बरा वाटतो माणूस," हेच उत्तर.

मग शब्दच घेतले. चलाची, म्हणजे बदलत्या राशीची, किंमत आकड्याऐवजी शब्दही असू शकते, ही गणितज्ञ लोत्फी झादे यांची १९७५ सालची मांडणी कॉलेजात शिकलो होतो. टाकाऊ, वाईट, बेताचा, ठीक, चांगला, फार चांगला, उत्तम. त्यांना क्रमाने आकडे शून्य ते सहा. चिठ्ठ्या गोळा केल्या. पहिल्याची बेरीज २६, दुसऱ्याची २९. सातने भागून ३.७१ आणि ४.१४. जवळचा शब्द पाहिला तर दोघेही ‘चांगला’! हेरेरा आणि मार्तिनेझ या संशोधकांच्या २००० सालच्या पद्धतीत मात्र वरखाली उरलेला अपूर्णांक टाकून देत नाहीत, शब्दाला जोडून ठेवतात. पहिला ‘चांगला’ला ०.२९ कमी, दुसरा ०.१४ जास्त. दुसरा पुढे. मी ठराव लिहायलाही घेतला.

तेवढ्यात तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "अरे, पहिल्याचं काम मी बघितलंय कुठे? काहीतरी लिहायचं म्हणून ‘ठीक’ लिहिलं." खजिनदारांचंही तेच निघालं.

चूक माझीच. ‘माहीत नाही’ला चिठ्ठीवर जागाच ठेवली नव्हती, आणि मराठी माणूस अडला की ‘ठीक’ म्हणतो. त्या दोन मतांच्या जागी शून्य ते सहा काहीही धरलं, तर पहिला २.८६ पासून ४.५७ पर्यंत कुठेही बसत होता. म्हणजे निकाल लागलाच नव्हता.

रविवारी काकू आणि खजिनदारांना घेऊन पहिल्याने नुकतंच काम केलेली एक इमारत बघायला गेलो. गच्चीवर चाचणीसाठी पाणी कोंडलेलं होतं. काकू थेट खालच्या घरात शिरल्या, स्टुलावर चढून छताला तळहात लावला, मग तो पदराला पुसून बघितला. कोरडा. दोघांनीही ‘फार चांगला’ लिहिलं. बेरीज ३०, सरासरी ४.२९. पारडं फिरलं.

पण फरक किती? सात जणांतल्या एकाने एक पायरी खाली उतरावं, की बरोबरी. म्हणून काम पहिल्याला दिलं, आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावर द्यायचा, असं करारात घातलं.