हरकती व सूचना, त्याही दारूवर

आमचं दुकान सेंट्रल जर्सीत, एडिसनपासून वीस मिनिटांवर. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला मासे-शिंपल्यांचं छोटं हॉटेल. पाटीवर ‘वाइन्स अँड स्पिरिट्स’ लिहिलंय. सासूबाई नातेवाइकांना सांगताना ‘जनरल स्टोअर’ म्हणतात. नवरा बिअर आणि व्हिस्की बघतो, हिशेब आणि वाइनची भिंत माझ्याकडे. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचं, म्हणून वाइन मला कळत असणार, असं नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं. खरं तर माहेरी असेपर्यंत मी वाइनचा थेंब चाखला नव्हता. ऑक्टोबरची छाटणी झाली की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही आणि आभाळ आलं की अप्पा जेवत नाहीत, एवढंच माझं द्राक्षज्ञान.

१८ ऑक्टोबर २०१९ च्या आठवड्यात मी स्टुलावर बसून बाटल्या उलट्यासुलट्या करत होते. लेबलच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत अल्कोहोलचा आकडा असतो, तो शोधत होते. त्या दिवसापासून फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि ब्रिटनच्या साध्या, म्हणजे फेस नसलेल्या वाइनवर २५ टक्के जादा आयात शुल्क बसलं होतं. पण १४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तरच. त्याच्या वर गेलात तर सुटलात. शॅम्पेन सुटली, इटलीची वाइन सुटली. इटलीची लिक्युअर, म्हणजे गोड मद्यं, मात्र अडकली, आणि स्कॉच सिंगल माल्ट व्हिस्कीही. एकाच स्पॅनिश घराण्याच्या दोन बाटल्या माझ्या हातात होत्या, एक साडेतेरा टक्क्यांची, दुसरी साडेचौदा. स्वस्तातलीवर कर, महागडी मोकळी.

अप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी क्षणात पकडलं. ‘म्हणजे तोडा चार दिवस उशिरा करायचा, ब्रिक्स वाढू द्यायचं. अधिकाऱ्याने कधी बाग बघितली नसणार.’ ब्रिक्स म्हणजे द्राक्षातली साखर; ती वाढली की वाइनमधलं अल्कोहोलही वाढतं.

भांडण द्राक्षांचं नव्हतंच, विमानांचं होतं. एअरबसला युरोपातली सरकारं अनुदान देतात, ही अमेरिकेची तक्रार जागतिक व्यापार संघटनेत २००४ पासून चालू होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या लवादाने अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलरच्या मालावर वसुलीची मुभा दिली. एअरबसला अनुदान देणारी सरकारं याच चार देशांची, म्हणून वाइनही याच चार देशांची. खुद्द विमानांवर तेव्हा १० टक्के लावले आणि मस्काडे या फ्रेंच वाइनवर २५. घर जळतं एकाचं आणि पंचनामा होतो दुसऱ्याच्या गोठ्याचा, त्यातली गत. यादी २ तारखेला जाहीर झाली, अंमल १८ पासून. बोटीवर चढलेल्या मालाला सवलत नाही. समुद्रात असताना स्वस्त असलेली पेटी नेवार्कच्या बंदरात उतरताना महाग झाली.

ही मस्काडे, लवार नदीच्या मुखाकडची, आम्ही ११ डॉलर ९९ सेंटला विकायचो. शेजारच्या हॉटेलकडे दारूचं लायसन्स नाही. न्यू जर्सीत गावाच्या लोकसंख्येवर लायसन्सं ठरतात आणि ती भयंकर महाग असतात, त्यामुळे इथे खूप हॉटेलांत बाटली आपली आपण न्यायची पद्धत आहे. गिऱ्हाईक आमच्याकडून मस्काडे घेतं आणि भिंतीपलीकडे जाऊन शिंपल्यांबरोबर पितं. शुक्रवारी संध्याकाळी हे एवढं ठरलेलं असतं, की हॉटेलमालक मला मेसेज करतो, आज शिंपले चांगले आलेत, बाटल्या थंड करून ठेव.

आता हिशेब. फ्रान्समधल्या वायनरीच्या तळघरातून ती बाटली निघाली चार डॉलरला. पंचवीस टक्के म्हणजे सरकारला एक डॉलर. पण तो एक डॉलर एकच राहत नाही. इथे आयातदार, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची उतरंड आहे, दारूबंदी उठली तेव्हाच्या कायद्यांपासूनची. मला परस्पर फ्रान्सहून पेटी मागवता येत नाही, डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्यावी लागते. प्रत्येक जण आपल्या खरेदीवर टक्के चढवतो. आयातदार तीस धरा, डिस्ट्रिब्युटर आणखी तीस, आम्ही चाळीस-पंचेचाळीस. डॉलरचे फळीवर येईपर्यंत दोन डॉलर चाळीस सेंट होतात. आम्ही सगळ्यांनी थोडं थोडं गिळलं आणि १३ डॉलर ९९ ला लावली. तरी गिऱ्हाइकाने बाटली उचलली, उलटी केली, ठेवली आणि पलीकडची इटालियन घेतली. मी गल्ल्यावरून बघत होते.

डिसेंबरात नवीन नोटीस निघाली. हे शुल्क १०० टक्क्यांपर्यंत नेण्याचा आणि यादी वाढवण्याचा विचार आहे, लोकांनी १३ जानेवारी २०२० पर्यंत म्हणणं मांडावं. त्याच महिन्यात फ्रान्सच्या डिजिटल कराचा राग म्हणून शॅम्पेनवर १०० टक्क्यांचा वेगळा प्रस्ताव होता, तो त्यातला त्यात आणखी मजेशीर. पहिलं भांडण विमानांचं, दुसरं इंटरनेट कंपन्यांचं, आणि दोन्हींचा निकाल माझ्या भिंतीवर.

डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, एरवी फक्त टार्गेटबद्दल बोलणारा माणूस, त्या दिवशी टोपी हातात धरून उभा. म्हणाला, कॉमेंट लिहा, प्लीज. पत्राचा तयार मसुदा घेऊन आला होता. वर हेही म्हणाला, की शक्यतो हा वापरू नका, तुमचं तुम्ही लिहा.

हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा आधी ते हसले. ‘पंचवीस टक्क्यांना रडतेस? आपल्याकडे बाहेरच्या वाइनला दीडशे आहे. म्हणून तर तुझ्या बापाचा शिराझ कुणीतरी घेतं.’ खोटं नव्हतं. अप्पांनी एका वायनरीशी करार करून दीड एकर शिराझ, म्हणजे वाइनच्या द्राक्षाचा वाण, लावला होता. पैसे कधी वेळेवर यायचे नाहीत, पण माल उचलला जायचा. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणून महाराष्ट्राच्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं आणि दिल्लीने बाहेरच्या बाटलीवर दीडशे टक्क्यांची भिंत ठेवली. या दोन टेकूंवर आमच्या तालुक्यातली कितीतरी बाग उभी राहिली. माझं कॉलेज त्या बागेवर झालं. आता मी इथे बसून आयात शुल्क वाईट असतं म्हणून लिहिणार होते.

मी दोन दिवस ते मनात घोळवलं. मग ठरवलं, की शुल्क वाईट असतं असं लिहायचंच नाही. अप्पांकडचा दीडशे टक्के बरोबर की चूक यावर वाद घाला, पण तो निदान द्राक्षासाठी आहे, द्राक्षवाल्याने मागितलेला आहे. इथे कॅलिफोर्नियाच्या वाइनवाल्यांची संघटनाही याच्या विरोधात होती. कारण ज्या ट्रकमधून फ्रेंच पेटी येते त्याच ट्रकमधून कॅलिफोर्नियातल्या नापाची येते, आणि डिस्ट्रिब्युटर बसला की छोट्या वायनरीचा मालही गोदामातच बसतो. शिवाय युरोपने २०१८ च्या जूनपासून अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीवर २५ टक्के लावून ठेवलेलेच होते. एकाने थोबाडीत मारली की दुसरा मारणार.

अप्पांना या कशात रस नव्हता. त्यांचा प्रश्न निराळाच होता.

‘सरकार आधी विचारतं?’

‘हो अप्पा. वेबसाइटवर लिहायचं.’

‘कुणीही?’

‘कुणीही.’

फोनवर थोडा वेळ शांतता. २९ सप्टेंबरला, म्हणजे साडेतीन महिन्यांपूर्वी, केंद्राने कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली होती. माझ्या भावाच्या चाळीत कांदा होता. पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी. फुलोऱ्यातल्या बागेत घडकुज. त्या वर्षी अप्पांनी दोनदा हात झटकले होते. ‘आम्हाला कुणी विचारलं का, बंदी घालू का म्हणून?’ म्हणाले. मग म्हणाले, ‘लिही. आणि पोच घे.’

पोचेला इतिहास आहे. पूर्वी रस्ता रुंदीकरणाची जाहिरात पेपरात आली होती, ‘हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी सादर कराव्यात’ छापाची. रस्त्यात आमची विहीर जात होती. अप्पांनी फुलस्केपवर हरकत लिहिली, दोन प्रती केल्या, एका कचेरीत तीन चकरा मारून दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का घेतला. विहीर गेली. शिक्क्याची प्रत अजून ट्रंकेत आहे, आजीच्या लुगड्याखाली.

१३ जानेवारीचा सोमवार. परवा संक्रांत. रात्री दुकान बंद करून आल्यावर गॅसवर तीळ भाजायला ठेवले आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. मुदत मध्यरात्रीपर्यंत. नोटिशीत त्यांना काय हवंय ते स्पष्ट दिलं होतं. या मालावर शुल्क वाढवल्याने मूळ तंट्यात काही साधेल का, आणि त्यातून इथल्या छोट्या-मध्यम धंद्यांचं व गिऱ्हाइकांचं प्रमाणाबाहेर नुकसान होईल का. हे वाचल्यावर बरं वाटलं. प्रश्न नेमका असला की मला उत्तर येतं, परीक्षेतसुद्धा निबंधापेक्षा गाळलेल्या जागा भरायला आवडायच्या.

तयार मसुद्यातलं ‘अमेरिकन कुटुंबांच्या वतीने’ वगैरे सगळं काढलं. मस्काडेचा हिशेब ओळीने मांडला, चार डॉलरपासून. शंभर टक्के लागले तर तीच बाटली २१ डॉलरच्या आसपास जाते हे लिहिलं आणि २१ डॉलरची मस्काडे कोणी घेणार नाही हेही. भिंतीपलीकडच्या हॉटेलाचं लिहिलं, त्याची शुक्रवारची चार टेबलं माझ्या फळीवर अवलंबून आहेत म्हणून. बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा ट्रकवाला, गोदामवाला, सेल्समन, दुकानातला पार्टटाइम मुलगा असा इथेच राहतो, हे लिहिलं. शेवटी, तुलूझमध्ये विमान बनवणाऱ्याला माझी मस्काडे बंद झाल्याचं कळणारही नाही, असं एक वाक्य होतं. नवरा म्हणाला, हे काढ, उद्धट वाटतं. मी ठेवलं. तेवढ्यात तीळ करपले.

पाठवल्यावर पडद्यावर एक लांबलचक क्रमांक आला. तो छापून घेतला, फोटो काढून अप्पांना पाठवला. उत्तर आलं, ‘शिक्का कुठाय?’

उत्सुकता म्हणून रात्री इतरांच्या हरकती वाचत बसले. हजारो होत्या. मसुदा जसाच्या तसा चिकटवलेल्या पुष्कळ, त्या नजर घसरून पुढे जायची. पण मधूनच माणूस भेटायचा. कोणी चीझचं दुकान चालवणारा, कोणी ऑलिव्हवाला, कोणी वेटर. दीडपर्यंत वाचत बसले.

निकाल १४ फेब्रुवारीला लागला, शुक्रवारी, व्हॅलेंटाइनच्या गर्दीत. वाइन २५ वरच राहिली. विमानांचे १० चे १५ झाले, यादीतून प्रून ज्यूस काढला आणि फ्रान्स-जर्मनीच्या किचनमधल्या सुऱ्या घातल्या. प्रून ज्यूस! कोणीतरी त्यावर मनापासून लिहिलं असणार, आणि ते कोणीतरी वाचलं असणार. माझं वाचलं का, माहीत नाही. शंभर झाले नाहीत, एवढं खरं. अप्पांना कळवलं, तर म्हणाले, ‘विहीर राहिली म्हण की.’

पुढचं झरझर. कोविड आला. २०२१ च्या जानेवारीत मावळत्या सरकारने, जाता जाता, फ्रान्स-जर्मनीच्या १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनही यादीत घातल्या आणि कोन्याक ब्रँडीही, त्यामुळे माझी स्टुलावरची मेहनत वाया गेली. मार्चमध्ये सगळं चार महिने स्थगित, जूनमध्ये पाच वर्षांसाठी. मस्काडे १२ डॉलर ९९ वर आली. ११.९९ ती पुन्हा कधी झाली नाही.

२०२५ च्या एप्रिलपासून युरोपच्या मालावर १० टक्के लागले, ऑगस्टपासून १५. आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा काढून थेट हुकूम. प्रस्तावित यादी नाही, मुदत नाही, लिहायला चौकट नाही. मी शोधली. जुनी वेबसाइट उघडून, जुना क्रमांक घालून बघितलं, माझी २०२० ची हरकत अजून तिथे आहे, त्या उद्धट वाक्यासकट. नवीन लिहायला जागा मात्र नव्हती. भारताच्या मालावर तर ऑगस्टअखेर ५० झाले. देशी गिऱ्हाइकांसाठी मी नाशिकच्या वाइनच्या दोन पेट्या ठेवते, त्यांनाही तेच. अप्पांना आकडा सांगितला तर म्हणाले, ‘आता हरकत कुणाकडे?’

कोर्टात, असं उत्तर होतं. व्हीओएस सिलेक्शन्स नावाचा न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार एप्रिलमध्ये सरकारविरुद्ध गेला. दोन कोर्टांत जिंकला. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, निकाल तेव्हा यायचा होता. मी त्या दिवशी दुकानात फोनवर ते बोलणं ऐकत होते, अडीच तासांहून जास्त, अर्धं कळलं नाही. मध्येच डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला. २० तारखेला फ्रान्सची नवीन बोजोले वाइन येतेय, दर वर्षीसारख्या दहा पेट्या लिहू का म्हणाला. बिलात तोवर ‘टॅरिफ’ अशी वेगळी ओळ आली होती.

सहा लिही, म्हटलं.