मायक्रोवेव्ह: भीती रेडिएशनची, चटका वाफेचा

मायक्रोवेव्ह घरात आला की पहिला प्रश्न रेडिएशनचा निघतो. तो आधी उरकून टाकू, कारण घरोघरी खऱ्या इजा होतात त्या उकळत्या पाण्याने, कोंडलेल्या वाफेने आणि वरून गरम पण मधे गार राहिलेल्या अन्नाने. त्यांची धास्ती मात्र कुणी घेत नाही.

या ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबी साधारण १२ सेंटिमीटर. या लहरी पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. रेणू तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, त्यामुळे अन्न किरणोत्सारी होण्याचा प्रश्नच येत नाही. ओव्हन थांबला की लहरीही तत्क्षणी संपतात; आत किंवा अन्नात साठून राहत नाहीत. पण शरीरातही पाणी आहे, तेव्हा या लहरी बाहेर येता कामा नयेत हे खरंच. त्यासाठी दाराच्या काचेत धातूची जाळी असते. तिची भोकं जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, त्यातून १२ सेंटिमीटरची लहर पार होऊ शकत नाही. गळतीची मर्यादाही ठरलेली आहे: पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट. अंतर वाढलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो.

म्हणून लक्ष ठेवायचं ते दारावर. बिजागरी सैल झाली आहे का, दार बंद केल्यावर हलतं का, खटक्याचे प्लास्टिकचे आकडे तुटलेत का, जाळीला भोक किंवा काचेला तडा आहे का, चौकटीवर अन्नाचा थर बसला आहे का, एवढं अधूनमधून बघावं. उघड्या दारावर जड भांडं टेकवायची सवय लागली की बिजागरी हळूहळू वाकते. दाराच्या खटक्यामागे सहसा तीन छोटे स्विच असतात. त्यातला एक पहारेकरी: बाकीचे चिकटले आणि दार उघडं असताना वीज पुढे जायला लागली, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. दार आपटल्यावर ओव्हन एकदम बंद पडला आणि नवा फ्यूजही लगेच उडाला, तर हे स्विच तपासायला सांगा. दार उघडल्यावर दिवा लागणं किंवा पंखा फिरत राहणं काही मॉडेलमध्ये नेहमीचंच असतं. पण थाळी फिरत राहिली आणि गरम होण्याचा घुमणारा आवाज चालूच राहिला, तर प्लग काढायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावायचा नाही.

मोबाइल आत ठेवून रिंग द्यायची, वाजला तर ओव्हन गळका, अशी एक 'चाचणी' सगळीकडे फिरते. तिला काही अर्थ नाही. मोबाइल अत्यंत क्षीण सिग्नलवरही वाजतो, आणि पुष्कळ फोन वेगळ्याच वारंवारतेवर चालतात. वर कुणी चुकून बटण दाबलं तर बॅटरी पेटेल ती वेगळीच.

आता पाणी. गुळगुळीत काचेच्या कपात नुसतं पाणी ठेवून तीन-चार मिनिटं चालवलं, की ते १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसू शकतं. गॅसवर पातेल्याचा तळ सर्वात तापलेला असतो आणि त्याच्या बारीक ओरखड्यांतून बुडबुडे सुटतात, त्यामुळे पाणी उकळताना दिसतं. मायक्रोवेव्हमध्ये पाणी स्वतः तापतं, कप त्यापेक्षा गारच राहतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बुडबुडा धरायला जागा मिळत नाही. मग कप उचलताना बसलेला धक्का, चमचा किंवा कॉफीची चिमूटभर पूड पुरते. अडकलेली सगळी वाफ एकदम सुटते आणि निम्मा कप हातावर नाहीतर तोंडावर उसळतो. वर वाफ दिसत नाही, बुडबुडा नाही, म्हणून माणूस बेसावध असतो. धोका खरा इथेच.

उपाय साधा आहे. पाण्यात आधीच लाकडी काडी किंवा लाकडी चमचा उभा ठेवावा. त्याच्या खडबडीत अंगावर बुडबुडे सुटत राहतात. ८०० वॉटच्या ओव्हनमध्ये २०० मिलिलिटर पाण्याला दीड-दोन मिनिटं पुरतात, त्यापुढे वेळ वाढवू नये. थांबल्यावर अर्धं-एक मिनिट दार न उघडता राहू द्यावं, मग कप बाहेर काढण्याआधी लांब दांड्याच्या चमच्याने हलकेच ढवळावं, तोंड बाजूला ठेवून. एकदा तापवून निवलेलं पाणी तसंच पुन्हा ठेवू नये. पहिल्या वेळी त्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी हा प्रकार जास्त सहज घडतो.

कोंडलेल्या वाफेचंही तेच. घट्ट झाकणाचा डबा, न टोचलेला बटाटा, कवचासकट अंडं ही सगळी बंद भांडीच समजा. बटाट्याला काट्याने सात-आठ ठिकाणी टोचावं, डब्याचं झाकण एका कडेने उघडं ठेवावं. अंड्याचं जरा विचित्र आहे. सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा अख्खं गरम करू नये. बलकात पाणी बारीक-बारीक कप्प्यांमध्ये अडकून जास्त तापतं आणि ओव्हनमध्ये काही झालं नाही तरी चावताना तोंडात फुटू शकतं. चार तुकडे करून गरम केलं तर काही होत नाही. झाकलेलं भांडं बाहेर काढल्यावर झाकण आपल्यापासून दूरच्या कडेने आधी उचलावं, म्हणजे वाफ पलीकडे जाते. मनगटावरचे चटके बहुतेक इथेच बसतात.

आता गरम-गार ठिपक्यांबद्दल. ओव्हनच्या पोकळीत लहरी भिंतींवरून परतून एकमेकींवर पडतात, त्यामुळे काही जागी खूप उष्णता आणि साधारण सहा सेंटिमीटरच्या अंतराने पुन्हा तसाच तापलेला ठिपका, मधे गार जागा. थाळी फिरते ती एवढ्यासाठी. शिवाय लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात. पुढची उष्णता बाहेरून आत सरकत जाते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून अन्न मधोमध ढीग करून ठेवू नये, थाळीच्या कडेने गोल पसरावं, मधे जागा सोडावी, निम्म्या वेळानंतर ढवळावं आणि थांबल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवावं. पाककृतीत शेवटी 'राहू द्या' असं लिहिलेलं असतं ती वेळ वगळू नये, त्या दोन मिनिटांत उष्णता आतपर्यंत पोचते. शिळं अन्न गरम करताना मधला भाग ७४ अंशांपर्यंत जायला हवा. पाच-सहा वेळा हात लावून अंदाज घेण्यापेक्षा अन्नात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा आणि मधे, तसंच एका कडेला, असं दोन ठिकाणी बघावं.

भाताबाबत एक इशारा. शिजवून तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू असं विष तयार करतात, जे गरम केल्यानेही नष्ट होत नाही. तो भात कितीही वाफाळून निघाला तरी उपयोग नाही. शिजल्यावर लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवलेलाच गरम करावा.

गोठलेलं अन्न सोडवायचं असेल तर पूर्ण शक्ती वापरू नये. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी भरपूर शोषतं. त्यामुळे जिथे आधी वितळलं तिथेच आणखी तापत जातं आणि कडा शिजून मधला भाग दगडच राहतो. ३० टक्के शक्तीवर, दर दोन मिनिटांनी उलटत सोडवावं, आणि मग लगेच शिजवावं. पुन्हा बाहेर ठेवू नये. साध्या ओव्हनमध्ये ३० टक्के म्हणजे कमी ताकदीच्या लहरी नव्हेत. मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद पूर्ण चालतो आणि काही सेकंद बंद राहतो. आवाज बदलत जातो तो त्यामुळेच. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये मात्र शक्ती खरोखर कमी होते.

बाळाच्या बाटलीतलं दूध यात गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते, पण आतला काही भाग तोंड भाजण्याइतका तापलेला असू शकतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवणं सोपं आणि सुरक्षित.

भांडी ओळखायची एक चाचणी उपयोगी आहे. शंकास्पद भांडं रिकामं ठेवा, शेजारी २५० मिलिलिटर पाण्याचा कप ठेवा आणि एक मिनिट पूर्ण शक्तीवर चालवा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर चालेल. भांडंच तापलं तर ते लहरी शोषतंय, म्हणून बाद. पाण्याचा कप विसरू नका, कारण आत शोषणारं काही नसेल तर सगळी ऊर्जा परत मॅग्नेट्रॉनवर येते आणि तो तापतो. याच कारणाने ओव्हन रिकामा चालवायचा नसतो. मेलामाइनची ताटं या चाचणीत हमखास बाद होतात. सोनेरी किंवा चंदेरी कडा असलेल्या कपांना चाचणीत घालूच नका, ठिणग्या उडतात.

'मायक्रोवेव्हसाठी योग्य' असं लिहिलेला प्लास्टिक डबा म्हणजे लहरींपुढे टिकणारा डबा, एवढंच. पाण्याचं अन्न १०० अंशांच्या आसपास थांबतं, पण तेल आणि साखर त्याच्या बऱ्याच वर जातात आणि डब्याच्या कडेवर पांढरे खड्डे पडतात. तूप-तेलाचं, पाकाचं सगळं काचेत किंवा चिनी मातीत.

कन्व्हेक्शन आणि ग्रिल असलेल्या ओव्हनमध्ये सर्वात मोठी गडबड मोडची होते. मायक्रोवेव्ह मोडला प्लास्टिक चालतं, धातू नाही. कन्व्हेक्शनला धातूचं भांडं चालतं, पण प्लास्टिक वितळतं, कारण आत २०० अंशांची गरम हवा असते. कॉम्बी मोडमध्ये लहरी आणि उष्णता दोन्ही असतात, तेव्हा ओव्हनसोबत आलेली जाळीच, तीही पुस्तिकेत म्हटलं असेल तरच वापरावी. कन्व्हेक्शननंतर पोकळी बराच वेळ तापलेली राहते. लगेच प्लास्टिकचा डबा आत ठेवला तर मोड बरोबर असूनही तो तळाला चिकटतो.

ठिणग्या उडायला लागल्या की आधी आत धातू आहे का ते पाहा. नसेल तर आतल्या बाजूच्या भिंतीवर, बहुधा उजवीकडे, अभ्रकाचा पातळ चौकोनी पत्रा असतो तो तपासा. त्यावर तेलाचे शिंतोडे साचले की ते जळून काळा डाग पडतो आणि तिथूनच ठिणगी निघते. हा पत्रा स्वस्त असतो. मापाने कापून नवा बसवता येतो, तोही प्लग काढूनच. काढून टाकून ओव्हन चालवू नये, अन्नाची वाफ आणि शिंतोडे थेट मॅग्नेट्रॉनच्या वाटेत जातात. पोकळीचा रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर त्यासाठीचाच रंग लावावा. गंजून भोक पडलं असेल तर ओव्हन टाकून द्यावा.

आत आग दिसली तर दार उघडायचं नाही. हा मोह आवरणं कठीण, पण दार उघडलं की ताजी हवा मिळून ज्वाळा भडकतात. ओव्हन बंद करा, प्लग काढा, थांबा. कागदी पिशव्या, कोरडा स्पंज, स्टेपलची पिन अडकलेली पाकिटं ही आगीची नेहमीची कारणं. पॉपकॉर्नचे दोन फटाके दोन सेकंदांच्या अंतराने यायला लागले की थांबवावं, टायमर संपायची वाट पाहू नये.

स्वच्छता फार कष्टाची नाही: भांड्यात पाणी, लिंबाच्या दोन फोडी आणि लाकडी चमचा ठेवून चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग मऊ फडक्याने पुसा. दाराची चौकट विसरू नका. जाळीच्या झरोक्यांवर स्प्रे मारू नका.

वेळ जुळवताना पाककृती कोणत्या वॉटेजची आहे ते बघावं. ९०० वॉटला ३ मिनिटं लागत असतील तर ७०० वॉटला ३ मिनिटं ५० सेकंद. ओव्हनची खरी शक्ती मोजायची असेल तर मोठ्या काचेच्या भांड्यात गार नळाचं एक लिटर पाणी घ्या, तापमान नोंदवा, पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट चालवा, ढवळून पुन्हा मोजा. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणा. ११ अंश वाढले तर ७७० वॉट. थोडं नुकसान धरूनही आकडा पाटीवरच्या 'आउटपुट'च्या निम्म्यावर आला असेल, किंवा आवाज नेहमीपेक्षा जड घुमतोय आणि पाणी तापतच नाही, तर डायोड, कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) किंवा मॅग्नेट्रॉन बहुधा गेला आहे.

आणि तिथे घरच्या स्क्रूड्रायव्हरचं काम संपतं. आत साधारण ४,००० व्होल्ट तयार होतात आणि कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भारित राहू शकतो. त्याला जोडलेला रोधक हळूहळू भार उतरवतो खरा, पण तोच तुटला असेल तर बाहेरून काही कळत नाही. नुसता हात लागून जीव जाण्याइतका तो झटका असतो. काचेची थाळी, तिच्याखालची चाकांची कडी, अभ्रकाचा पत्रा एवढं आपण बदलावं. बाहेरचा पत्रा उघडावा लागणारं बाकी सगळं, अगदी आतल्या फ्यूजसकट, शिकलेल्या कारागिराकडे द्यावं.