मुहम्मद मुनीर : सत्तेला कायदा पुरवणारे सरन्यायाधीश

पाकिस्तानातील लोकशाहीच्या घसरणीचा इतिहास लिहिताना न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर यांना सरसकट खलनायक ठरवण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. खलनायक म्हटले की माणूस सुमार कुवतीचा असावा असे आपण नकळत गृहीत धरतो. मुनीर तसे मुळीच नव्हते. 1895 मध्ये अमृतसरला जन्मलेल्या या माणसाने लाहोरात वकिलीत नाव कमावले, 1942 मध्ये तो लाहोर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि 1947 मध्ये पंजाबच्या सीमा आयोगावर बसला. पुराव्याच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ तर फाळणीनंतर भारतातले वकीलही वापरत राहिले.

1953 च्या अहमदिया या मुस्लिम पंथाविरोधी दंगलींच्या चौकशीत त्यांच्या बुद्धीची धार दिसते. मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी समोर आलेल्या उलेमांना, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांना, एकेक करून विचारले की मुसलमान कोणाला म्हणावे, त्याची व्याख्या सांगा. कोणत्याही दोघांची उत्तरे जुळली नाहीत, आणि 1954 च्या अहवालात आयोगाने हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. धर्माच्या नावावर राज्य चालवू पाहणाऱ्यांना इतका अडचणीचा प्रश्न विचारणारा न्यायाधीश सत्तेसमोर मात्र का नमला, हे कोडे मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्याच वर्षी, बंगाली न्यायमूर्ती अक्रम यांची सेवाज्येष्ठता डावलून, मुनीर फेडरल कोर्टाचे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे, सरन्यायाधीश झाले. काही महिन्यांतच, 24 ऑक्टोबर 1954 रोजी, गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी घटना समिती बरखास्त केली. समितीने त्यांचे अधिकार छाटायला सुरुवात केली होती, हे त्यामागचे खरे कारण. समितीचे अध्यक्ष तमीजुद्दीन खान यांनी कराचीत सिंधच्या मुख्य न्यायालयात दाद मागितली. पोलिसांची नजर चुकवण्यासाठी ते बुरखा घालून कोर्टात पोहोचले, असे सांगतात. सिंधच्या न्यायालयाने फेब्रुवारी 1955 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण अपिलात मुनीर यांच्यापुढे आले.

बरखास्ती कायदेशीर की बेकायदा, या प्रश्नाला मुनीर यांच्या निकालपत्राने हातच लावला नाही. ज्या कलमाखाली सिंधच्या न्यायालयाने रिट काढले, ते कलम 223-अ घटना समितीने 1935 च्या भारत सरकार कायद्यात (नवी राज्यघटना होईपर्यंत पाकिस्तानचा कारभार त्यावरच चाले) जुलै 1954 मध्ये घातले होते, पण त्यावर गव्हर्नर जनरलची संमती घेतलेली नव्हती. म्हणून ते कलम कायदाच नाही, म्हणून त्या न्यायालयाला रिट काढण्याचा अधिकारच नव्हता, आणि म्हणून पुढचे काहीच तपासण्याची गरज नाही, अशी ती मांडणी होती. समिती स्थापनेपासून घटनात्मक कायदे अशा संमतीविनाच करत आली होती आणि तोवर सरकारचाही त्याला आक्षेप नव्हता. 21 मार्च 1955 च्या या निकालाला एकट्या न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी विरोध केला. घटना समिती सार्वभौम आहे, तिला कोणाच्या सहीची गरज नाही, हे त्यांचे म्हणणे आज वाचतानाही सरळ आणि पुरेसे वाटते.

पण तांत्रिक मुद्द्यावर खटला निकाली काढणाऱ्यांची लगेचच पंचाईत झाली. संमती नसलेले सगळेच घटनात्मक कायदे आता लटके पडले आणि राज्यकारभाराचा पायाच उखडला. गव्हर्नर जनरलने वटहुकूम काढून ते कायदे जिवंत करू पाहिले, तेव्हा याच न्यायालयाने तो अधिकार त्यांना नाकारला, ही नोंद मुनीर यांच्या खात्यावर जमा करायलाच हवी. त्यानंतर मे 1955 मध्ये न्यायालयाने सल्लामतात वाट काढून दिली. एरवी जे बेकायदा, ते निकडीपोटी कायदेशीर ठरते, हे मध्ययुगीन इंग्रज कायदेपंडित ब्रॅक्टनचे वचन मुनीर यांनी आधाराला घेतले. पाकिस्तानात पुढे प्रत्येक हुकूमशहाच्या वकिलाने वापरलेला ‘गरजेचा सिद्धान्त’ तो हाच. स्वतःच्याच निकालाने पडलेले भगदाड बुजवायला तो शोधावा लागला, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

दोस्सो खटल्यात ते याहून पुढे गेले. बलुचिस्तानात जिरग्याने, म्हणजे टोळीप्रमुखांच्या पंचायतीने, खुनाच्या आरोपावरून दोस्सो नावाच्या इसमाला शिक्षा दिली होती आणि 1956 च्या राज्यघटनेतील समानतेच्या हक्काचा आधार घेऊन उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. सरकारचे अपील प्रलंबित असताना, 7 ऑक्टोबर 1958 रोजी अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी लष्करी कायदा पुकारून ती राज्यघटनाच रद्द केली. 27 ऑक्टोबरला मुनीर यांनी ऑस्ट्रियन कायदेपंडित हान्स केल्सनच्या सिद्धान्ताचा हवाला देऊन ठरवले की यशस्वी क्रांती स्वतःच नव्या कायद्याचा उगम असते. जुनी राज्यघटना गेली, तिच्याबरोबर मूलभूत हक्कही गेले, आणि दोस्सोच्या पदरची सुटकाही. कॉर्नेलियस यांनी या वेळी निष्कर्षाला साथ दिली, तरी मूलभूत हक्क राज्यघटनेच्या कागदावर अवलंबून नसतात असे वेगळे मत नोंदवले. त्याच रात्री जनरल अयूब खान यांनी मिर्झांकडून राजीनामा लिहून घेतला. यश हीच कसोटी मानली, तर सकाळी वैध ठरलेल्या मिर्झांना रात्री हटवणारे अयूबही त्याच निकालाने वैध ठरत होते.

1960 मध्ये निवृत्त होताना लाहोरच्या वकिलांपुढे मुनीर यांनी आपली बाजू मांडली. सरकारविरुद्ध निकाल दिला असता तर त्याची अंमलबजावणी कोण करणार होते, असा त्यांचा सवाल होता, आणि त्या खटल्यांत न्यायाधीशांना किती मानसिक यातना झाल्या तेही त्यांनी सांगितले. सवाल खोटा नाही. न्यायालयाकडे फौज नसते. परंतु ही भीती निकालपत्रात कुठेही आली नव्हती, तिथे होती ती फक्त कलमे आणि ग्रंथांतील आधार. शिवाय अवघ्या दोन वर्षांनी, 1962 मध्ये, ते अयूब खान यांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री म्हणून गेले. त्यामुळे यातनांचे ते वर्णन मी तरी थोडे सावधपणेच वाचतो.

दोस्सोचा निकाल 1972 मध्ये अस्मा जिलानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केला आणि अयूब यांच्यानंतरचे लष्करशहा याह्या खान यांना सत्ता बळकावणारा ठरवले; मात्र तोवर याह्या पायउतार झालेले होते. 1977 मध्ये जनरल झिया सत्तेवर असतानाच, त्यांनी पदच्युत केलेले पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पत्नी नुसरत भुट्टो यांची याचिका आली, तेव्हा न्यायालयाने पुन्हा गरजेच्या सिद्धान्ताचाच आधार घेतला. तो निकाल देणारे सरन्यायाधीश अन्वारुल हक यांच्यासमोर मार्च 1981 मध्ये झियांनी लष्करी राजवटीच्या हंगामी घटनात्मक आदेशाशी बांधून घेणाऱ्या नव्या शपथेचा मसुदा ठेवला. त्यांनी ती शपथ घेतली नाही आणि त्यांना पद सोडावे लागले.