240 बॅगा डीएपी

सोमवार, 16 जून 2025. सकाळी सव्वासातला ट्रक आमच्या खताच्या दुकानासमोर लागला तेव्हा शटरपासून थेट रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. बिल्टीवर 12 टन, म्हणजे 240 बॅगा डीएपी, डायअमोनियम फॉस्फेट हे खत. आम्ही मागणी दिली होती 40 टनांची. मे महिन्यातच पाऊस पडून गेल्यामुळं रानं तयार होती, मृग लागून आठवडा झाला होता, आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात प्रत्येकाला सोयाबीनच्या पेरणीसाठी एकच खत हवं होतं.

ट्रक आला म्हणून लगेच विक्री होत नाही. आलेला माल आधी पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, स्वीकारावा लागतो. तो साठ्यात दिसला की मगच बिल निघतं. पुढं आधार क्रमांक, अंगठा, पावती. नांगराच्या रुमण्यावर झिजलेले अंगठे मशीन दोन-तीनदा नाकारतं, मग ओटीपीची वाट पाहायची. एका बिलाला चार मिनिटं धरली आणि माणशी दोन बॅगा दिल्या, तर 120 माणसांना आठ तास. रांगेत त्याहून जास्त लोक होते. बॅगा पुरणार नाहीत हे हमालांनी पहिलं पोतं उतरवण्याआधीच कळत होतं, त्यामुळं ज्याची पेरणी दोन दिवसांवर आहे त्याला आधी, असं ठरवून सांगितलं.

रांगेतल्या एका मामांनी विचारलं, "भाऊ, चीननं अडवलंय म्हणायलेत. खरंय का?"

खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यांना नीट सांगता यावं म्हणून मी साठाफलकाच्या मागच्या बाजूला खडूनं आकडे मांडले.

देशाला वर्षाला साधारण 1 कोटी टन डीएपी लागतं. त्यातलं निम्म्याहून अधिक तयार स्वरूपात बाहेरून येतं. जे इथल्या कारखान्यांत बनतं, त्याचाही बहुतेक फॉस्फेट खडक किंवा फॉस्फरिक आम्ल मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून आणावं लागतं. चीनकडून 2023-24 मध्ये सुमारे 22 लाख टन डीएपी आलं होतं. 2024-25 मध्ये ते साडेआठ लाख टनांच्या आसपास उतरलं. चीननं निर्यातीवर उघड बंदी घातली असं नाही. ऑक्टोबर 2021 पासून तिथं खत जहाजावर चढण्याआधी सक्तीची तपासणी सुरू झाली. तपासणीचा कागद लवकर द्यायचा की महिनोन्‌महिने ठेवायचा, हे त्यांच्या हातात. कागद अडला की जहाज अडतं.

हे सीमेवरच्या भांडणामुळं होतं असं लोक धरून चालतात. वर्षं लावून पाहिली तर तसं दिसत नाही. गलवानची चकमक जून 2020 ची. त्यानंतर संबंध इतके ताणलेले असतानाही 2023-24 मध्ये 22 लाख टन आलं. पुढं ऑक्टोबर 2024 मध्ये सीमेवरच्या गस्तीबाबत समझोता झाला, रशियात कझानला मोदी आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची भेट झाली, आणि माल मात्र त्याच वर्षात आटला. कारण चीनला आपल्या शेतकऱ्यांसाठी खताचा भाव आवाक्यात ठेवायचा आहे, आणि तेच फॉस्फेट आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांनाही लागतं. हस्तांदोलनाचा फोटो पाहून गोदामाचा अंदाज बांधू नये, हे मला या आकड्यांवरून पटलं आहे.

दुसरं अर्धं कारण पैशाचं. त्या महिन्यात बंदरात पोचलेल्या डीएपीचा भाव टनाला 700 डॉलरच्या वर गेला होता. 700 च धरा, डॉलर 86 रुपयांचा धरा: टनाला 60,200 रुपये. टनात 20 बॅगा, म्हणजे बॅगेला 3,010, आणि त्यावर बंदराची हमाली, रेल्वे, ट्रक वेगळे. शेतकऱ्याला बॅग 1,350 लाच द्यायची आहे. मधलं अंतर केंद्राचं अनुदान भरतं. भाव चढला आणि अनुदान त्या वेगानं वाढलं नाही, तर आयातदार जहाजच ठरवत नाही. जहाज ठरल्यावरही बंदर, रेक म्हणजे मालगाडी, ती रिकामी होते तो रेक पॉइंट आणि आमचं दुकान एवढा प्रवास उरतो. जूनमध्ये लागणाऱ्या खताचा निर्णय एप्रिलच्या आत व्हायला हवा.

त्यात तीनच दिवसांपूर्वी, 13 जूनला, इस्रायल आणि इराणमध्ये युद्ध सुरू झालं होतं. इस्रायलचा गॅस थांबल्यामुळं इजिप्तमधले युरियाचे कारखाने बंद पडले आणि युरियाचा जागतिक भाव उसळला. सौदी अरेबियाचं डीएपी रास अल-खैर बंदरातून निघतं आणि इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर येतं. मोरोक्कोच्या मालाला ती अडचण नाही, पण नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं.

मामा फलकाकडं बघत म्हणाले, "मग आता पेरायचं कशावर?"

दिवसातलं खरं काम इथून सुरू झालं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र (नायट्रोजन), 60 स्फुरद (फॉस्फेट), 30 पालाश (पोटॅश). एकरी 12, 24, 12. डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं. एकराला एक बॅग हा हिशोब त्यातूनच पडला. हेच सिंगल सुपर फॉस्फेटनं भागवायचं तर तीन बॅगा सुपर: 24 किलो स्फुरद. वर अर्धी बॅग युरिया, म्हणजे दहा किलोच्या थोडं वर नत्र. पालाशासाठी 20 किलो पोटॅश, ते डीएपी वापरलं तरी वेगळं लागतंच. सुपरमध्ये शिवाय साडेसोळा किलो गंधक मिळतं. सोयाबीन हे तेलबियांचं पीक, त्याला गंधक हवंच. डीएपीत ते नाही.

सल्ला बरोबर असून रान फसतं ते वापरण्यात. सुपर आणि युरिया आदल्या रात्री एकत्र करून ठेवलं तर सकाळी चिखल होतो; दोन्ही मिळून पाणी सोडतात, पेरणी यंत्राचे नळे बुजतात आणि चार तासांत अर्धं रान खताविना पेरलं जातं. युरिया बियाण्याला लागला तर उगवण जळते. म्हणून युरिया शेवटच्या वखराच्या पाळीआधी पसरायचा आणि सुपर एकटंच यंत्राच्या पेटीतून द्यायचं. तेही दाणेदार, भुकटी पेटीत बसते, सरकत नाही. 50 किलोच्या जागी 150 किलो जाणार, तेव्हा खताची झडप आधी बांधावर एक तास चालवून जुळवून घ्यायची. ओझं तिप्पट, गाडीभाडं जास्त, हे खरंच आहे, ते लपवून उपयोग नाही.

दुपारी एकानं दुसऱ्या गावातून जादा पैसे देऊन आणलेलं पोतं दाखवायला आणलं. चार दाणे तळहातावर घेऊन चुन्यासोबत तंबाखूसारखे मळले. डीएपी असेल तर अमोनियाचा उग्र वास नाकात चढतो. काहीच वास आला नाही. तव्यावर दाणे फुललेही नाहीत. टंचाईच्या दिवसांत असा माल फिरतो. पावती नव्हती, त्यामुळं त्या माणसाला तक्रारही धड करता येईना. सकाळच्या ट्रकसोबत आम्हालाही पुरवठादारानं न मागितलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पेट्या पाठवल्या होत्या. त्या मी शेतकऱ्यांच्या माथी मारल्या नाहीत, अजून गोदामात आहेत.

संध्याकाळी सहाला डीएपी संपलं. 240 पैकी 240 मशीनवर चढल्या. सुपरच्या 186 बॅगा गेल्या, त्यातल्या सहा मामांच्या. दोन एकर.

पुढच्या महिन्यात, जुलैत, सौदीच्या मादेन कंपनीशी करार झाला: 2025-26 पासून पाच वर्षं, दरवर्षी 31 लाख टन डीएपी. मला हा करार मोलाचा वाटतो, कारण ऐन हंगामात बाजारात धावून घेतलेल्या जहाजापेक्षा आधी बांधलेलं जहाज वेळेवर येतं. होर्मुझचा अरुंद दरवाजा मात्र त्याच वाटेवर आहे. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले आणि खत, दुर्मीळ खनिजं, बोगदे खोदणारी यंत्रं यांच्या पुरवठ्याचं आश्वासन दिल्याच्या बातम्या आल्या. बातमी वाचून तीन जणांनी दुकानात फोन केला, हरभऱ्याला डीएपी मिळेल ना म्हणून.

रब्बीची मागणी नोंदवताना मी पहिल्या ओळीत दाणेदार सुपर लिहिलं, 60 टन. डीएपी दुसऱ्या ओळीत, 20 टन.