बटणावर १८०, आत भलतंच

वसुबारसेला नऊ दिवस उरले होते आणि मी चार किलो नानकटाईची ऑर्डर घेऊन बसले होते. पहिला ट्रे बाहेर काढला तर नानकटाई बुडाशी काळी, वरून पांढरीफटक. दुसऱ्या ट्रेला बटण दहा अंश मागे घेतलं, तर अर्ध्या तासानंतरही ती ओलसर पिवळी. तूप तेच, मैदा-बेसन तेच, हातही तोच. सासूबाईंनी एक नानकटाई मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "तूप कमी फेटलंस." मी काही बोलले नाही, कारण मलाही आधी तेच वाटलं होतं.

तिसऱ्या ट्रेचं पीठ वाया घालवायची हिंमत नव्हती. ओव्हनमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर घरात होता, कुणीतरी भेट दिलेला. कधी वापरला नव्हता. ओव्हनच्या बटणावर आकडे छापलेले असताना आणखी काय मोजायचं? तो मधल्या जाळीवर ठेवला, बटण १८० वर केलं आणि वही घेऊन चाळीस मिनिटं समोर बसले. दर मिनिटाला एक आकडा. काटा २१५ पर्यंत चढला, मग रॉड विझले, काटा उतरत उतरत १५० च्या खाली आला, तेव्हा कुठे 'टक्' आवाज झाला आणि रॉड पुन्हा लाल झाले. म्हणजे ओव्हन १८० ला यायचा, पण थांबायचा नाही. जाता-येता हात लावून जायचा.

कंपनीच्या सेवा केंद्रात फोन केला. "मॅडम, सात वर्षं जुनं मॉडेल आहे, पार्ट येत नाही, नवीन घ्या." दीड मिनिटात विषय संपला.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. सोसायटीची पाण्याची मोटर, लिफ्टचा दिवा, कुणाचा मिक्सर, सगळं त्यांच्याकडे जातं. मी वही दाखवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तू लिहिलंस? दर मिनिटाला?" मग चष्मा पुसला. त्या वहीमुळेच ते तयार झाले, असं मला अजून वाटतं.

ओव्हनचा प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, उजवीकडचा पत्रा उघडला. बटणाच्या मागे पत्र्यावर बसवलेली एक छोटी पट्टी, टोकाला संपर्काचा ठिपका. बस, एवढाच थर्मोस्टॅट. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवलेले असतात. तापले की एक जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि संपर्क सुटतो. बटण फिरवलं की आतला स्क्रू पट्टीवरचा ताण बदलतो, दुसरं काही नाही. पट्टी होती बटणांच्या कप्प्यात, भट्टीच्या भिंतीच्या बाहेर. आत हवा तापणार, मग भिंत तापणार, मग त्या कप्प्यातली पट्टी तापणार. तिला खबर पोहोचेपर्यंत आत २१५ झालेले. थंड होतानाही तीच गत. शिवाय ठिपका जळून काळा पडला होता, प्रत्येक 'टक्'ला तिथे ठिणगी उडते ना. काका म्हणाले की हे ठिपके एखाद दिवशी चिकटून बसतात, आणि मग ओव्हन बंदच होत नाही.

हात लागलाच होता म्हणून त्यांनी आमचा जुना टोस्टरही उघडायला लावला, तो पाव उडवणारा. त्याच्याबद्दल माझी लहानपणापासून एक तक्रार: पहिला पाव फिकट, दुसरा नीट, तिसरा करपलेला. आत बघितलं तर छोटी सर्किट पट्टी, एक आयसी, खटका धरून ठेवणारा विद्युतचुंबक, आणि १ ते ६ आकड्यांच्या बटणामागे रेडिओच्या व्हॉल्यूमला असतो तसा साधा पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग. तापमान मोजणारं काहीच नाही! ते फक्त वेळ मोजतं. ३ वर ठेवलं तर इतके सेकंद, ४ वर तितके. पहिल्या पावाच्या वेळी टोस्टर थंड असतो, तिसऱ्याच्या वेळी भिंती तापलेल्या, पण घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. सगळे टोस्टर असेच असतात असं नाही. अमेरिकेत १९४९ मध्ये सनबीम कंपनीने काढलेल्या टी-२० टोस्टरमध्ये पावाच्या पृष्ठभागाकडून येणाऱ्या उष्णतेवर वाकणारी धातूची पट्टी होती. पाव तयार झाला हे तो पावाकडूनच समजून घ्यायचा. आमचा त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला, आणि घड्याळावर चालतो.

त्यात आमच्याकडचा संध्याकाळचा व्होल्टेज. काकांनी मीटर लावून दाखवला, साडेसातला २०० च्या आसपास. रॉडची वॉटेज व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे २३० ला १५०० वॉट देणारा ओव्हन २०० ला सव्वा अकराशेच देतो. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. संध्याकाळी टोस्ट फिकट का होतो याचं उत्तर मला चाळिशीत मिळालं. आणि करपतो तो एकदम का, याचंही: पावाच्या पृष्ठभागात पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही, पाणी गेलं की झपाट्याने १४० च्या वर जातो आणि रंग धरायला लागतो. म्हणून दोन मिनिटं काही होत नाही आणि शेवटच्या वीस सेकंदांत सगळं होतं.

टोस्टर तसाच बंद करून ठेवला. ओव्हनचं मात्र ठरलं: इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवायचा, जसा कारखान्यातल्या भट्ट्यांना असतो. अंबड आणि सातपूरमुळे नाशिकमध्ये हे सामान मिळायला त्रास नाही. अंबडच्या एका दुकानात काउंटरवर पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून रॉड किती चालवायचा ते ठरवणारा), के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, रॉड चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका) मागितल्यावर त्या मुलाने विचारलं, "कोणत्या मशीनला?" मी म्हटलं, नानकटाईला. तो हसला नाही, "मग एसएसआर आउटपुटवाला घ्या, रिलेवाला नको," एवढंच म्हणाला. त्याचं बरोबर होतं. साधा रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका, खटखट करून झिजतो. एसएसआरमध्ये हलणारं काहीच नसतं, त्यामुळे दर दोन सेकंदांना रॉड चालू-बंद करता येतो. थर्मल फ्यूज (जास्त तापला की कायमचा तुटणारा), तारांवर चढवायची फायबर ग्लासची स्लीव्ह आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) एमजी रोडवरून आणले. सगळं मिळून दीड हजाराच्या आत.

मग चुका. सगळ्या मीच केल्या असं नाही, पण बहुतेक केल्या.

एसएसआर मी आधी हीटसिंकशिवाय लाकडी पाटावर ठेवून चाचणी घेतली. ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, आणि एसएसआरमध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास जातात, म्हणजे सात-आठ वॉट त्या डबीतच उष्णता होऊन बसतात. पाच मिनिटांत बोट ठेववेना. हीटसिंक आणि मधे पेस्ट लावल्यावर ठीक.

दुसरी चूक वासाने कळली. एक जोडणी मी घरात पडलेल्या साध्या वायरने केली होती, ती रॉडच्या टोकाजवळून गेली. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांसाठीच असतं. काका जिन्यातूनच ओरडत आले, "प्लग काढ आधी!"

तिसरी चूक मात्र माझ्या मते प्रत्येकाने एकदा ऐकून ठेवावी. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की बारीकसा व्होल्टेज तयार होतो. सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हे पाहिलं होतं. के टाइपमध्ये एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १८० अंशांनाही आठ मिलीव्होल्टच्या आतच. तर त्या दोन तारांमध्ये एक लाल होती. लाल म्हणजे प्लस, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं की मी बघितलंही नाही. ओव्हन चालू केला, रॉड लाल झाले, आणि पडद्यावरचा आकडा खाली जायला लागला. २९, २६, २२. कंट्रोलरला वाटलं थंडी वाढतेय, त्याने रॉड आणखी जोरात चालू ठेवले. मी दोन-तीन क्षण तो आकडा बघत राहिले, आत रॉड धगधगतायत आणि पडदा १७ दाखवतोय. मग प्लग ओढला. अमेरिकन रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार मायनस असते, पिवळी प्लस. दुसऱ्या पद्धतींत रंग वेगळे. म्हणून टोक चिमटीत धरायचं, आकडा चढला तर तारा बरोबर. मी आता हे आधी करते. तेव्हा आठवलं नाही.

त्या दिवशी काकांनी एक अट घातली: कंट्रोलर चुकला तरी ओव्हन थांबला पाहिजे. कारण एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा 'चालू' अवस्थेतच अडकतो. म्हणून नवीन पट्टीचा थर्मोस्टॅट आणून तोही सर्किटमध्ये ठेवला, कायम शेवटच्या आकड्यावर, नुसता राखणदार म्हणून. त्याच्यापुढे थर्मल फ्यूज. फ्यूज मी सोल्डर करायला घेतला तर काकांनी हात धरला. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो, आणि उडाला नाही तरी ती जोडणी ओव्हनच्या उष्णतेत वितळायची. त्यांनी तो क्रिंप केला, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडला. शेवटी बॉडीचं अर्थिंग टेस्ट लॅम्पने तपासलं. हे सगळं ज्याला मीटर धरता येतो अशा माणसाला शेजारी बसवून करावं. एकटीने मी केलं नसतं.

कंट्रोलर ओव्हनच्या कप्प्यात बसवला नाही, वेगळ्या डबीत ओट्यावर ठेवला. थर्मोकपल फक्त टोक आणि कंट्रोलरवरची तारा जोडायची पट्टी यांच्या तापमानातला फरक सांगतो. पट्टीचं तापमान कंट्रोलर स्वतः मोजून त्यात मिळवतो. ती पट्टीच गरम कप्प्यात तापत-निवत राहिली तर हिशोब हलायचा.

मग तपासणी. बर्फाच्या चुऱ्यात टोक ठेवलं तर ०. उकळत्या पाण्यात ९८. मी खट्टू झाले, दोन अंशांचा फरक! काका म्हणाले, "नाशिक समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे?" सुमारे ६०० मीटर. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. म्हणजे ९८ हेच बरोबर होतं, आणि मी शंभरवर सेट करत बसले असते तर कंट्रोलर बिघडवला असता.

१८० वर लावला, तर पहिल्या फेरीत आकडा १९७ पर्यंत गेला. रॉड बंद झाला तरी लाल असतोच, उष्णता देतच राहतो. पीआयडीला हे शिकवावं लागतं. ऑटोट्यून चालू केलं की तो मुद्दाम दोन-तीनदा वर-खाली जातो आणि ओव्हन किती मागाहून ऐकतो ते मोजतो. त्यानंतर तो द्वारका चौकाकडे स्कूटरवर जाताना आपण करतो तसं करतो: सिग्नल लांब आहे तोवर जोरात, जवळ आला की आधीपासून गती कमी. दुसऱ्या फेरीत १६५ लाच एसएसआरवरचा दिवा लुकलुकायला लागला. १८३ ला टेकला, मग १७९, १८१. वीस मिनिटं मी पुन्हा वही घेऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "आता काय लिहितेस, तो काही बदलतच नाहीये."

माझी आई लहानपणी आम्हाला घेऊन जुन्या नाशकातल्या एका बेकरीत जायची, दिवाळीआधी, पिठाचा डबा आणि घरचे ट्रे घेऊन. भट्टीवाले चाचा आत कागदाचा तुकडा ठेवायचे. तो पटकन तांबूस झाला की म्हणायचे, थोडं थांबा. त्यांच्याकडे ना पट्टी होती ना पडदा, आणि नानकटाई कधी जळाली नाही. पण त्यांच्या भट्टीची वीट-मातीची भिंत हातभर जाड होती. एकदा तापली की तासन् तास हलायची नाही. माझ्या ओव्हनला पत्र्याची भिंत, ती फुंकर मारली तरी हलते. त्याला सतत कुणीतरी धरून ठेवायला हवं.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री चार किलो पूर्ण झाली. १६० वर, बावीस मिनिटं, प्रत्येक ट्रे सारखा. निदान मधला भाग सारखा. थर्मोकपल एकाच जागी आहे, मधल्या जाळीच्या थोडं वर, रॉडच्या थेट नजरेबाहेर. तो तिथलं १६० सांगतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात काट्याचा थर्मामीटर ठेवला तर १७४ निघाले. तिथल्या तीन नानकटाया प्रत्येक ट्रेला गडद व्हायच्या. काका म्हणतात पंखा बसवू. दिवाळीनंतर बघू म्हटलं. तोवर बाराव्या मिनिटाला दार उघडून ट्रे फिरवते.