सारखे दिसणारे शब्द आणि त्यांची निरनिराळी कुळे

तीनतालाची आवर्तने हातावर मोजताना नवव्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता बाजूला नेतात आणि त्या जागेला 'खाली' म्हणतात. हा शब्द 'वर'च्या उलट अर्थाचा असावा, असे मराठी माणसाला सहज वाटते. प्रत्यक्षात ही खाली म्हणजे रिकामी जागा. अरबी भाषेतला 'खाली', म्हणजे रिकामा, हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि तालाच्या त्या भागाला तो नेमका बसला, कारण तेथे डग्ग्याचा घुमारा काढून घेतला जातो आणि 'धिं'च्या जागी 'तिं' वाजते. 'झाडाखाली' यातला खाली मात्र मराठीच्या घरचा आहे. 'खालचा', 'खालती', 'खालोखाल' हे त्याचे भाऊबंद.

पूर्वीच्या छापील पुस्तकांत हे दोन शब्द वेगळे ओळखू येत. 'घरीं', 'दारीं' यांच्याप्रमाणे स्थळ दाखवणारा शब्द 'खालीं' असा अनुस्वार देऊन लिहीत आणि रिकामा या अर्थाचा 'खाली' अनुस्वाराविना. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले, उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले, आणि दोन निराळ्या कुळांतले शब्द कागदावर एकरूप झाले. तो बदल मला योग्यच वाटतो, कारण जे कोणी उच्चारत नव्हते ते मुलांकडून घोकून घेण्यात अर्थ नव्हता. मात्र शब्दांची मुळे शोधणाऱ्याने जुने लेखन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे या एका अनुस्वारावरून पटते.

पावाची गोष्ट याहून रंजक आहे. पाव पायांनी तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वास्तविक बेकरीतला पाव हा पोर्तुगीज 'पांव' होय आणि त्याचे मूळ लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज 'पादेइरो'पासून आलेला शब्द. याच 'पानिस'ला 'सह' या अर्थाचा उपसर्ग लागून, ज्याच्याबरोबर आपण भाकरी मोडून खातो तो सोबती, असा शब्द लॅटिनमध्ये तयार झाला आणि त्याच्यापासून पुढे इंग्रजीतली 'कंपनी' आली. म्हणजे वडापावातला पाव आणि आपल्यावर राज्य करून गेलेली कंपनी हे एकाच घराण्यातले. पावशेरातल्या पावाचा या घराण्याशी काहीही संबंध नाही. तो संस्कृत 'पाद' या शब्दाचा वंशज. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या कल्पनेतून 'पाद' या शब्दाला पाय आणि चतुर्थांश असे दोन्ही अर्थ आले. मराठीत त्याचे 'पाय' झाले आणि 'पाव'ही झाले. 'सपाद'चे सव्वा झाले, 'पादोन'चे पाऊण झाले. रोजच्या हिशेबात आपण इतके जुने शब्द वापरतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मग नाते ओळखायचे कशावरून? नुसत्या नादावरून मुळीच नाही. 'व्हॅटिकन' म्हणजे आपली 'वाटिका', असा मजकूर मोबाइलवर सतत फिरत असतो आणि अनेक सुशिक्षित माणसे तो अभिमानाने पुढे पाठवतात. रोममधल्या त्या टेकडीला हे नाव ख्रिस्ती धर्माच्या जन्माआधीपासून आहे, आणि वाटिकेशी त्याचे नाते जोडायला नादापलीकडे कोणताही आधार नाही. नात्याचा पुरावा असतो तो ध्वनिबदलांच्या नियमितपणात. 'आम्र'चा आंबा झाला, तसेच 'ताम्र'चे तांबे झाले. दोन्हींकडे 'म'नंतरच्या 'र'चा लोप झाला आणि मध्ये 'ब' आला. असा बदल अनेक शब्दांत एकाच रीतीने दिसला की तो योगायोग उरत नाही.

हीच कसोटी दूरच्या भाषांना लावून पाहावी. लॅटिनमधला देव म्हणजे 'देउस' आणि ग्रीकमधला देव म्हणजे 'थेऑस'. दोघांचा अर्थ एक, नादही जवळचा. तरी संस्कृत 'देव' या शब्दाचे सगोत्र नाते फक्त पहिल्याशी आहे. संस्कृतात जेथे 'द' असतो तेथे ग्रीकमध्येही 'द' येतो, जसे 'दश' आणि 'देका'. ग्रीक 'थ'समोर संस्कृतात 'ध' उभा असतो, जसे 'मेथु' आणि 'मधु'. त्यामुळे 'थेऑस' 'देव' या शब्दाच्या कुळात बसतच नाही. याउलट 'सायकल' आणि 'चाक' यांच्यात कानाला फारसे साम्य जाणवत नसले, तरी त्यांचे नाते पक्के आहे. ग्रीक 'कुक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' एकाच मूळ शब्दापासून निघाले. पहिल्यापासून सायकल आली, दुसऱ्यापासून चाक. इंग्रजी 'व्हील' हेही त्यांचेच भावंड.

योगायोग किती टोकाचा असू शकतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलंडमधल्या म्बाबरम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' असाच शब्द होता. तो इंग्रजीतून उसना घेतलेला नव्हता. आसपासच्या भाषांत कुत्र्याला 'गुडगा' किंवा 'गुडा' म्हणत. म्बाबरममध्ये शब्दाच्या सुरुवातीचा भाग नियमाने गळून पडे आणि स्वरही ठरावीक रीतीने बदले. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. इंग्रजी 'बॅड' आणि बदनाम, बदनजर यांतला फारसी 'बद' यांचे साम्यही असेच निव्वळ योगायोगाचे आहे.

शेवटी 'आम' हा शब्द, कारण तो एकट्याने सगळे दाखवतो. हिंदीतला आम म्हणजे आंबा, तो 'आम्र'चा. 'आम जनता' यातला आम अरबी, म्हणजे सर्वसाधारण. वैद्य 'आमवात' म्हणतात त्यातला आम संस्कृत, त्याचा अर्थ कच्चा, न पचलेला. आणि ग्रीकमध्ये कच्च्याला 'ओमोस' म्हणतात, तो याच तिसऱ्याचा सख्खा भाऊ.