जुने कपडे कुठे द्यायचे?

मी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते हे कळलं, की समोरचा माणूस थोडं इकडचं तिकडचं बोलून हमखास एका प्रश्नावर येतो. घरात कपडे साठलेत, चांगले आहेत, फेकवत नाहीत, तर कुठे द्यावेत? कधीकधी तर भरलेली पिशवी हातातच असते. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

थोडक्यात सांगायचं, तर तो कपडा खरोखर अंगावर घालणारा माणूस ओळखीत असेल तर त्याला आधी विचारा आणि मग धुऊन, तुटलेलं बटण लावून द्या. ते जमत नसेल तर कुठेही द्या, पण दिला म्हणजे सत्कारणी लागला असं धरून चालू नका. या दुसऱ्या वाक्यावर लोक हिरमुसतात. काहींना वाटतं, ही बाई दान करू नका म्हणते आहे. तसं काही नाही. दिलेल्या कपड्याचं पुढे काय होतं याची मला थोडीफार कल्पना आहे, इतकंच.

दुकानातल्या किंवा संस्थेच्या पेटीत टाकलेला कपडा आधी छाटणीला जातो. तिथे सरकत्या पट्ट्यावरून कपडे येत राहतात आणि बाजूला उभी असलेली माणसं ते उचलून, चाचपून वेगवेगळ्या ढिगांत टाकतात. एका कपड्यासाठी मिळतात जेमतेम काही सेकंद. मुरलेल्या हातांना लोकर, सुती, नायलॉन नुसत्या स्पर्शाने कळतं. जवळपास नवा आणि नावाजलेल्या ब्रँडचा माल आधी बाजूला निघतो. त्याला भाव मिळतो आणि बाकीची छाटणी त्याच्याच जोरावर चालते. त्याखालचा माल दाबून, गासड्या बांधून परदेशी पाठवतात. जे घालण्याजोगं नाही ते यंत्रं पुसायच्या चिंध्या, गाड्यांच्या सीटमधलं भरण असल्या कामांना जातं, आणि त्यातूनही उरतं ते जाळतात किंवा पुरतात. स्वस्त कपड्यांचा लोंढा वाढला तसा वरचा चांगला माल आटला आणि खालचा ढीग फुगला. छाटणीचा खर्चसुद्धा सुटत नाही, अशी त्या धंद्यातली ओरड आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून टाकलेलं कापड वेगळं गोळा करणं सदस्य देशांवर बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण गोळा झालेलं घेणार कोण?

सध्या तरी घेणाऱ्यांत घानाची राजधानी आक्रा आहे. तिथला कांतामांतो हा जुन्या कपड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. आठवड्याला सुमारे दीड कोटी नग तिथे येतात असा अंदाज आहे. एकेक गासडी पन्नास-पंचावन्न किलोची, आणि अरुंद बोळांतून ती डोक्यावरून वाहणाऱ्या बहुतेक मुली आणि बायका. त्यांना तिथे कायायेई म्हणतात. व्यापारी गासडी न उघडताच विकत घेतो, पुष्कळदा कर्ज काढून. आत काय निघेल ते नशीब. घामाने पिवळ्या पडलेल्या काखा, बिघडलेली चेन, एकदा धुतल्यावर तिरका झालेला टी-शर्ट, आणि विषुववृत्ताजवळच्या शहरात थंडीचे जाड कोट. तिथे काम करणारी द ऑर फाउंडेशन ही संस्था म्हणते, की आलेल्या मालातला सुमारे ४० टक्के भाग कचरा होऊन बाहेर पडतो. व्यापाऱ्यांच्या संघटनेला हे साफ अमान्य आहे, त्यांचा आकडा याच्या कितीतरी खाली आहे. व्यापाऱ्यांची चीड मला समजते. कारण उसवणं, रंगवणं, उलटून शिवणं, दोन फाटक्यांतून एक धड करणं हे काम त्या बाजारात जेवढं चालतं तेवढं कपडे पाठवणाऱ्या देशांत कुठे चालत असेल असं वाटत नाही. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला आगीत बाजाराचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि तिथल्या लोकांनी तो पुन्हा उभारायला घेतला. तरीही आकड्यांचा वाद बाजूला ठेवून आक्राच्या किनाऱ्यावर गेलं, तर लाटांनी पिळून वळलेले कपड्यांचे दोरखंड वाळूत रुतलेले दिसतात. ओढून निघत नाहीत, खणून काढावे लागतात.

दुसरं ठिकाण तुम्ही फोटोत पाहिलं असेल. चिलीमधलं आताकामा वाळवंट. जवळचं इकिके हे करमुक्त बंदर, तिथे जुना आणि न खपलेला माल उतरतो. विकला जात नाही तो आल्तो ऑस्पिसियो गावाबाहेर वाळूत टाकून देतात. २०२१ साली बातम्यांत आलेला अंदाज वर्षाला सुमारे ३९ हजार टनांचा होता. पुढच्या वर्षी, जूनमध्ये, तिथल्या मोठ्या ढिगाला आग लागली. लोकांना वाटतं सुती कपडा तरी कुजून मातीत जाईल. कुजायला ओल लागते आणि तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. बरं, ओल असलेल्या कचराभूमीत तो कुजतो खरा, पण ढिगाखाली हवा नसल्यामुळे कुजताना मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडतो.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतोच: मग जुन्या कपड्याचं पुन्हा कापड का करत नाहीत? करतात, पण फारच थोडं. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यात येतो. का, ते समजून घ्यायला एक स्ट्रेच जीन्स पुरते.

पायाच्या टोकाशी छोटा तुकडा कापायचा आणि कडेचे धागे सुईने सुटे करायचे. निळा तो ताण्याचा, म्हणजे उभा धागा. चिमट्यात धरून ज्योतीला लावला की कागदासारखा पेटतो, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटांत भुरभुरते. हे सूत, म्हणजे कापूस. आता बाण्याचा, म्हणजे आडवा, पांढरा धागा घ्या. तो लगेच जाळू नका, आधी ओढून पाहा. ताणतो, सोडला की आक्रसतो. पीळ उलगडून वरचं सूत नखाने मागे सारलं की आत एक चकचकीत, जवळजवळ पारदर्शक तंतू सापडतो. हा इलास्टेन, बोली भाषेत लायक्रा. अख्ख्या कापडात वजनाने जेमतेम दोन टक्के, पण सूत त्याच्याभोवती कातलेलं असतं, त्यामुळे तो उपसून काढता येत नाही. जुनं कापड पिंजणाऱ्या यंत्राला दात असतात. सूत त्या दातांनी तुटतं, इलास्टेन तुटायच्या ऐवजी ताणत जातो, दातांना गुंडाळतो, गरम होऊन चिकटतो. दोन टक्क्यांपायी बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के सूत अडतं.

अजून शिवणीचा दोरा राहिला. तो ज्योतीपाशी नेला की आधी मागे सरतो, मग वितळतो आणि टोकाला काळा, टणक मणी धरतो. पॉलिएस्टर. त्याशिवाय पितळी चेन, तांब्याच्या रंगाचे रिव्हेट, चामड्याची नक्कल करणारी प्लास्टिकची पट्टी, आत नायलॉनचं लेबल. हे सगळं उसवून वेगळं करायला जो वेळ लागेल तेवढ्यात नवी पँट शिवून होते. आणि जीन्स तशी सोपीच म्हणायची. दोन थरांचं, बकरम चिकटवलेलं, अस्तर लावलेलं जाकीट समोर आलं की मला फार काही सुचत नाही.

जुन्या कापडातून नवं काढण्याची कला नवीन नाही बरं का. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात, बॅटली गावी, बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायला सुरुवात केली. अशा सुताला शॉडी म्हणतात. इटलीतलं प्रातो शहर याच धंद्यावर वाढलं, आणि आपल्याकडे पानिपत. पानिपतला जगभरातून लोकरीचे जुने कपडे येतात. कुणी ते तसेच विकू नयेत म्हणून आयात करताना त्यांना चिरे पाडलेले असतात. मग बायका पात्यावर अस्तर, बटणं, चेन कापून काढतात आणि रंगानुसार ढीग लावतात. लाल लालात, निळा निळ्यात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. पिंजताना तंतू आखूड होतात, त्यामुळे सूत जाडंभरडंच निघतं, पण घोंगडीला चालतं. भूकंप, पूर अशा वेळी वाटल्या जाणाऱ्या कितीतरी घोंगड्या पानिपतच्या असत. हे जमत होतं कारण लोकरीचा कोट म्हणजे लोकरच असायची. मिश्र धाग्यांचे कपडे वाढले तसा कच्चा माल बिघडला, आणि पॉलिएस्टरच्या हलक्या, मऊ, स्वस्त ब्लँकेटांनी गिऱ्हाईकही पळवलं.

कापड रसायनांत विरघळवून पुन्हा तंतू काढण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि माझा त्यांच्यावर विश्वासही आहे. पण स्वीडनच्या रीन्यूसेल कंपनीने जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करण्याचा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळं जाहीर केलं. यंत्रं चालत होती, पण पुरेशा ऑर्डरी येत नव्हत्या. पुढे नव्या मालकाने ती विकत घेतली. आणि ‘रीसायकल्ड पॉलिएस्टर’ असं लेबल पाहून खूश होणाऱ्यांना एक सांगते: ते जवळजवळ सगळं पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती. शर्ट झाला की तिचा रस्ता बहुधा तिथेच संपतो.

त्याच २०१७ च्या अहवालात म्हटलंय की २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन साधारण दुप्पट झालं आणि एक कपडा अंगावर चढण्याच्या वेळा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटल्या. यात कोणाच्याही अंगाला न लागलेले कपडे वेगळेच. बरबेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचं २०१८ साली उघडकीला आलं. बोंब झाल्यावर त्यांनी ते बंद केलं. फ्रान्सने २०२० मध्ये अशा नासाडीविरुद्ध कायदा केला, आणि मोठ्या कंपन्यांनी न खपलेले कपडे नष्ट करण्यावर युरोपीय संघानेही बंदी घातली, तिची तारीख १९ जुलै २०२६. माझ्या मते खरा जोर इथेच लागायला हवा. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला अपराधी वाटायला लावून काही साधत नाही. त्याने ती पँट निवडली, तिच्यात दोन टक्के इलास्टेन घालायचं कोणीतरी आधीच ठरवलं होतं.

तरी तुम्ही पिशवी घेऊन आलातच, तर मी ती उघडून तीन ढीग करते. नुसतं बटण, चेन किंवा एखादी शिवण गेलेली असेल तो कपडा परत तुमच्या हातात देते, शिंप्याकडे जायला. धड आणि स्वच्छ तो ओळखीच्या माणसासाठी. तिसऱ्या ढिगातलं सुती असेल तर कापून फडकी करा, चांगली वर्षभर पुरतात. तिसऱ्या ढिगातल्या पॉलिएस्टरच्या टी-शर्टांचं काय करायचं ते मात्र मला विचारू नका. त्यांनी लादीसुद्धा नीट पुसली जात नाही, पाणी इकडून तिकडे सरकतं फक्त.